सहा वाजता मेन बंद

इंदूरला रामबागेत एका जुन्या मराठी शिक्षण संस्थेची तिमजली इमारत आहे. खाली कार्यालय आणि वाचनालय, वर वर्ग आणि तीस-तीस संगणकांच्या दोन लॅब. शिवाय कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर, हजेरीचं अंगठ्याचं यंत्र आणि चार-पाच प्रिंटर. मागच्या जुलैत मी तिथे एक काम घेतलं. माझ्या अंदाजाने ते एका संध्याकाळचं होतं, पुरलं मात्र आठवडाभर.

काम असं. इमारतीतल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला त्याचा क्रमांक, हाताने दिलेला होता. कुठल्या यंत्राला कुठला पत्ता, हे लॅबच्या कपाटातल्या एका लांबड्या वहीत लिहिलेलं. वही ठेवणारे सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यानंतर वहीत कुणी फारसं लिहिलं नाही, पण नवीन यंत्रं येतच राहिली. मग दोन संगणकांना एकच पत्ता, एक सुरू झाला की दुसरा रुसणार, असं वरचेवर होऊ लागलं. संस्थेने मधल्या काळात मुख्य स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथे जुळतात ती पेटी, बदलून चांगला लेयर थ्रीचा, आयपी पत्तेही समजणारा, घेतला होता. चिटणीस काकांचा फोन आला, "अरे, त्या स्विचमधूनच म्हणे पत्ते आपोआप वाटता येतात. मग तेवढं करून टाक ना."

मी हो म्हटलं. राउटरवरूनही हे करता आलं असतं, पण राउटर इंटरनेट कंपनीचा. कंपनी बदलली की तो जाणार आणि त्याच्याबरोबर आपली सगळी मांडणीही. स्विच संस्थेच्या मालकीचा आहे. पत्त्यांचं खातं आपल्या घरात असावं, या मताचा मी आहे.

आपोआप पत्ता वाटण्याच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. १९९३ साली ती पहिल्यांदा प्रमाण म्हणून मांडली गेली आणि १९९७ च्या मार्चमध्ये आरएफसी २१३१ या कागदात तिला आज चालतं ते रूप मिळालं. व्यवहार चार वाक्यांचा आहे. नवीन आलेला संगणक सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो की मला कुणी पत्ता देतं का. सर्व्हर एक पत्ता देऊ करतो. संगणक म्हणतो, हाच द्या. सर्व्हर म्हणतो, दिला, इतक्या वेळासाठी. शोध, देकार, मागणी, मान्यता. त्या 'इतक्या वेळा'ला लीज म्हणतात. लीजची निम्मी मुदत संपली की संगणक स्वतःहून मुदतवाढ मागायला येतो.

खरं पाहिलं तर त्या इमारतीत डीएचसीपी आधीपासून होता. सरच डीएचसीपी होते. नवीन यंत्र आलं की सरांकडे जायचं, सर वही उघडून रिकामा आकडा देणार आणि पेनाने लिहून ठेवणार. लीजला मुदत नव्हती, एवढाच फरक. मला काढून टाकायची होती ती वही नव्हे, एक माणूस. हे तेव्हा लक्षात आलं असतं तर पुढचं टळलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, सगळे घरी गेल्यावर, मी बसलो. वहीप्रमाणे १ वर राउटर, २ ते ४ वर स्विच, ५ वर रेकॉर्डर, ११ पासून कॅमेरे, ४१ ते ४५ वर प्रिंटर. सगळं १९२.१६८.१ च्या एकाच जाळ्यात, म्हणजे वापरता येतील असे २५४ पत्ते. मी ठरवलं, १ ते १०० आणि २३१ ते २५४ ला हात लावायचा नाही, मधले १३० वाटायचे. खात्री म्हणून लॅपटॉपवरून १०१ ते २३० पर्यंत सगळ्यांना पिंग करून, म्हणजे हाक मारून, पाहिलं. लॅबचे संगणक मी आधीच बंद केले होते. एकाही पत्त्यावरून उत्तर आलं नाही. सगळे रिकामे आहेत असं मी धरलं.

स्विचवरची मांडणी खरोखर दहा मिनिटांची आहे. सिस्कोच्या धाटणीच्या आज्ञा असतील तर आधी 'आयपी डीएचसीपी एक्सक्लूडेड-अ‍ॅड्रेस' देऊन राखीव पत्ते बाजूला काढायचे आणि मगच पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, तयार करायचा. बरेच जण उलट करतात. पूलमध्ये 'नेटवर्क'ची ओळ लिहिली की वाटप लगेच सुरू होतं, आणि राखीव पत्ते सांगेपर्यंत दोन-चार भलत्याच्या हातात गेलेले असतात. त्यानंतर डिफॉल्ट राउटर (बाहेर जायचं दार), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) आणि लीज. डिफॉल्ट राउटरच्या जागी स्विचचा स्वतःचा पत्ता लिहिण्याची चूकही नेहमीची. आमच्याकडे इंटरनेटचं दार १ वर होतं, स्विच २ वर. आणखी एक, ज्या जाळ्याचे पत्ते वाटायचे त्या जाळ्यात स्विचचा स्वतःचा एक पत्ता हवाच, म्हणजे त्या व्हीलॅनच्या (एकाच स्विचवर वेगळ्या पाडलेल्या जाळ्याच्या) इंटरफेसवर. तो नसेल तर पूल कितीही सुरेख लिहा, ओरडणाऱ्याला उत्तर कोण देणार? लीज मी एक दिवसाची ठेवली.

लॅबचे संगणक चालू केले आणि पहिल्या पाच-सहा यंत्रांवर १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते दिसले. कुणीच पत्ता दिला नाही की विंडोज स्वतःच असा एक पत्ता घेऊन बसतं. त्याने शेजाऱ्याशी बोलता येतं, बाहेर जाता येत नाही. पाच मिनिटांनी तेच संगणक आपोआप बरे झाले. अशा आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्याकडे दुर्लक्ष करायचं नसतं. कारण जुनंच होतं. केबलला वीज आली की स्विच त्या पोर्टवर लगेच वाहतूक सोडत नाही. कुठे गोल फेरा तर होत नाही ना, हे पाहण्यात पंधरा आणि पंधरा असे तीस सेकंद जातात. तेवढ्यात संगणकाचं ओरडून संपलेलं असतं. संगणकांच्या पोर्टांवर 'पोर्टफास्ट' चालू केलं आणि ते संपलं. फक्त स्विचला स्विच जोडणाऱ्या पोर्टांवर हे करू नये.

साठही संगणकांना पत्ते मिळाले, १०१ पासून ओळीने. आठ वाजता मी कपाट बंद करून सराफ्याकडे खायला निघालो.

शनिवार हा तिमाही फी भरायचा शेवटचा दिवस. साडेदहाला कार्यालयातल्या ताईंचा फोन. "भाऊ, पावती निघत नाहीये. म्हणजे एक निघाली, मग दोन नाही निघाल्या, मग परत एक निघाली. बाहेर रांग आहे." मागून कुणाचा तरी चढलेला आवाज ऐकू येत होता.

सरळ बंद पडलेलं यंत्र परवडतं. मधेच चालणारं यंत्र माणसाला वेड लावतं. मी पोचलो तेव्हा ताईंनी प्रिंटर तीनदा बंद-चालू केला होता, कागद बदलला होता, केबल हलवून पाहिली होती. मी स्विचवर टक्कर झालेल्या पत्त्यांची यादी पाहिली, तर ती रिकामी. इथे माझा अर्धा तास गेला. यादी रिकामी म्हणजे टक्कर नाही, असं मी समजलो. पण त्या यादीत स्विचला स्वतःला कळलेल्याच टकरी येतात.

मग ताईंच्या संगणकावर पाहिलं की पावत्या जातात कुठे. प्रिंटरच्या पोर्टमध्ये पत्ता होता ११८. वहीत प्रिंटर ४१ ते ४५ वर. ११८ वर वहीत काही नव्हतं आणि माझ्या पूलमध्ये तो होता.

ताईंच्या संगणकावरून ११८ ला पिंग केलं. उत्तर आलं, टीटीएल (प्रत्येक उत्तरासोबत येणारा एक आकडा) १२८. हा आकडा विंडोजचा. प्रिंटरकडून सहसा ६४ किंवा २५५ येतो. प्रिंटरची केबल उपटून परत पिंग केलं. ज्याची केबल माझ्या हातात होती, त्याच्या पत्त्यावरून उत्तर येत होतं. वर लॅबमध्ये गेलो. अठरावा संगणक, ११८. वर्ग चालू होता आणि एक मुलगा त्यावर निवांत टायपिंग करत होता. पडद्यावर पत्त्याच्या टकरीची सूचना आली होती का, म्हणून विचारलं. "आली होती सर, मी ओके केलं."

तो संगणक विंडोजचा असूनही पिंगला उत्तर देत होता, कारण लॅबमध्ये फाइल शेअरिंग चालू होतं. एरवी विंडोजची फायरवॉल पिंग गिळून टाकते आणि मी आणखी तासभर अंधारात राहिलो असतो. पावती कधी निघे कधी नाही, याचाही उलगडा झाला. ताईंचा संगणक दर थोड्या वेळाने विचारतो की ११८ कोण. दोघंही हात वर करतात. ज्याचं उत्तर शेवटी पोचलं त्याच्याकडे पावती जाते. प्रिंटरकडे गेली तर छापली जाते, मुलाच्या संगणकाकडे गेली तर तो ती घेत नाही.

पण मग शुक्रवारी मी पिंग केलं तेव्हा प्रिंटर गप्प का होता? आणि स्विच तरी कसा फसला? स्विच पत्ता देऊ करण्याआधी त्या पत्त्यावर दोनदा पिंग करतो, प्रत्येक वेळी अर्धा सेकंद वाट पाहतो. उत्तर आलं तर तो पत्ता वाटपातून काढून टाकतो.

उत्तर शिपाई मामांनी दिलं, तेही मी न विचारता. ताई म्हणत होत्या की सकाळी आल्या आल्या तर बरा चालला होता. मामा म्हणाले, "मी दहाला मेन चालू केला ना, तेव्हापासून." कार्यालयाचा मेन? "हो. रोज सहाला बंद करतो. सर असल्यापासून. लाइटचं बिल येतं ना साहेब."

म्हणजे मी साडेसहाला पाहणी केली तेव्हा अख्खं कार्यालय झोपलेलं होतं. रात्री सात-सव्वासातला स्विचने ११८ ला हाक मारली, कुणी ओ दिली नाही, म्हणून तो पत्ता अठराव्या संगणकाला दिला. दुसऱ्या दिवशी लॅब नऊला उघडली, त्या संगणकाने आपला कालचा पत्ता परत मागितला, स्विचने दिला. दहाला मामांनी मेन चालू केला आणि मूळ मालक घरी आला. स्विचने नियमानेच काम केलं होतं. रिकामं घर आणि कुलूप लावून गावाला गेलेलं घर, बाहेरून सारखंच दिसतं.

तात्पुरता इलाज सोपा होता. ११८ राखीव केला आणि स्विचवरून त्याची नोंद पुसली. नोंद पुसल्याने पत्ता परत येत नाही, हे इथे सांगायला हवं. त्या संगणकाच्या मते लीज अजून चालू असते आणि निम्मी मुदत होईपर्यंत तो विचारायलाही येत नाही. त्या मुलाला दोन मिनिटं उठवून पत्ता हाताने सोडायला लावला आणि नवीन घ्यायला लावला. अकरा चाळीसला पावत्या सलग निघू लागल्या.

मग मी सरांना फोन केला. हे मी गुरुवारीच करायला हवं होतं. सर आता सुदामा नगरात राहतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्याकडे प्रिंटर पन्नासच्या आतच असायचे. तो नवीन प्रिंटर आला तेव्हा मी आजारी होतो. बसवायला आलेल्या पोराने जो आकडा चालला तो टाकला असणार. आणि हजेरीच्या यंत्राचं बघ. ते कुणी कुठे ठेवलंय मला ठाऊक नाही." हजेरीचं यंत्र निघालं १४० वर. तेही कार्यालयाच्या त्याच मेनवर. त्याची टक्कर कुणाला जाणवली नव्हती, कारण ते दिवसातून एकदाच आपली नोंद पाठवतं. एक जिन्यातला कॅमेरा १७२ वर सापडला. तो चालू होता, पण पिंगला उत्तर देत नव्हता.

त्या दुपारी मी जे केलं ते शुक्रवारच्या आधी एक अख्खा दिवस करायचं काम होतं. पिंगवर विसंबायचं नाही. एकाच जाळ्यात असाल तर एआरपीने, म्हणजे 'हा पत्ता कुणाचा' या हाकेने, विचारा. पिंग फायरवॉलला अडवता येतं, एआरपीला उत्तर न देणाऱ्या यंत्राला मात्र त्या जाळ्यात जगता येत नाही. त्याच्या जोडीला तिन्ही स्विचवरची मॅक पत्त्यांची, म्हणजे यंत्रांना कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकांची, यादी दर अर्ध्या तासाने उतरवून घेत गेलो. एकदाच पाहून भागत नाही, कारण गप्प बसलेल्या यंत्राची नोंद स्विच साधारणपणे ३०० सेकंदांत विसरतो. आणि हे कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत करायचं. रात्री निवांत असतं म्हणून आपण रात्री करतो, आणि रात्री निम्मी इमारत बंद असते.

मंगळवारी वाचनालयाची पाळी आली. तिथल्या दोन आणि लॅबमधल्या चार संगणकांना भलताच पत्ता मिळाला, १९२.१६८.० चा, आणि इंटरनेट गेलं. विंडोजमध्ये 'आयपीकॉन्फिग'ची सविस्तर यादी काढली की पत्ता कुणी दिला तेही लिहून येतं. तो आमचा स्विच नव्हता. वाचनालयात मोबाइलला रेंज नाही म्हणून कुणीतरी घरचा जुना वायफाय राउटर आणून लावला होता आणि केबल त्याच्या लॅनच्या भोकात खुपसली होती. त्या डबीतही पत्ते वाटणारा बसलेला असतो. ओरडणाऱ्याला ज्याचा देकार आधी पोचतो, त्याचा तो घेतो. हाताने पत्ते दिलेले होते तोवर अशा डबीने कुणाचं काही बिघडत नव्हतं. ती म्हणे दिवाळीपासून तिथेच होती. आपोआपची सोय केली आणि तिला गिऱ्हाईक मिळालं.

यावरचा उपाय म्हणजे डीएचसीपी स्नूपिंग. मुख्य स्विचकडे जाणारं पोर्ट तेवढं विश्वासाचं, बाकी कुठूनही देकार आला तर तो तिथेच टाकून द्यायचा. मी मजल्यांवरच्या दोन्ही स्विचवर ते चालू केलं, वरचं पोर्ट विश्वासाचं केलं, आणि पाच मिनिटांत नवीन पत्ते मिळणंच बंद झालं. डबी गप्प झाली, आणि आमचा स्विचही.

ही चूक निखळ माझी. स्नूपिंग चालू केलं की मजल्यावरचा स्विच प्रत्येक मागणीवर आपला एक शिक्का मारतो, कुठल्या पोर्टावरून आली त्याचा. त्याला ऑप्शन ८२ म्हणतात. मुख्य स्विचला शिक्का दिसला, पण मधल्या दलालाच्या पत्त्याची जागा मोकळी दिसली. शिक्का आहे पण आणणारा कोण ते लिहिलेलं नाही, म्हणून त्याने प्रत्येक मागणी संशयाने बाजूला टाकली. तक्रारही केली नाही. मजल्यांवरच्या स्विचना शिक्का मारू नका असं सांगितलं, 'नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फॉर्मेशन ऑप्शन', आणि पत्ते वाहू लागले. मोठ्या जाळ्यात तो शिक्का उपयोगी असतो, तिथे तो काढण्याऐवजी मुख्य स्विचला त्यावर विश्वास ठेवायला सांगतात. इथे गरज नव्हती.

वाचनालयाला मोबाइलसाठी नीट अ‍ॅक्सेस पॉइंट हवा आणि विद्यार्थ्यांचे फोन वेगळ्या व्हीलॅनमध्ये हवेत, हे मी काकांना सांगितलं. ते काही बोलायच्या आधी ताई म्हणाल्या, "म्हणजे ओला-सुका वेगळा, असंच ना?" इंदूरच्या माणसाला यापुढे व्हीलॅन समजावण्याची गरज नाही. काकांनी पुढच्या बजेटात घेऊ म्हटलंय.

बुधवारी पावसात वीज दोनदा गेली. मांडणी मी जपून ठेवली होती, ती परत आली. पण कुठला पत्ता कुणाला दिला याच्या नोंदी स्विचच्या तात्पुरत्या स्मृतीत असतात, त्या पुसल्या गेल्या. त्या बाहेर एखाद्या सर्व्हरवर लिहून ठेवायची सोय आहे, ती आता लावली आहे.

राहिला फीचा प्रिंटर. ११८ राखीव ठेवून तो तसाच चालला असता. पण मग परत कुणीतरी पोरगा येऊन आकडा बदलणार. म्हणून प्रिंटरलाही आपोआपवर टाकलं आणि स्विचमध्ये त्याच्या नावाचा ४१ कायमचा बांधला. इथे एक खाच आहे. बरीच यंत्रं पत्ता मागताना नुसता मॅक न देता त्याच्या पुढे ०१ लावलेली ओळख देतात, आणि स्विचला तीच हवी असते. काही प्रिंटर ती देत नाहीत. अंदाज करत बसू नये. यंत्राला एकदा कुठलाही पत्ता घेऊ द्यावा, स्विचच्या वाटपाच्या यादीत त्याची ओळख जशी दिसते तशी उतरवून घ्यावी आणि तीच बांधावी. कार्यालयातल्या आठ संगणकांवर प्रिंटरचा पत्ता बदलायला एक तास लागला, त्यातला अर्धा चहात गेला. हजेरीचं यंत्र आणि जिन्यातला कॅमेरा हेही असेच बांधले. सरांच्या वहीत पुढचं कोरं पान काढून ते तिन्ही लिहिले, खाली तारीख टाकली.

आवरेपर्यंत सहा वाजले होते. मामा दाराशी उभे होते, मेनच्या खटक्यावर हात ठेवून. शनिवारपासून त्यांनी तो बंद केला नव्हता. ताईंनी बजावलं होतं.

"आता करू का बंद?"

"करा मामा."